भावाचा मेलबॉक्स

दिल्लीच्या गिऱ्हाईक पार्टीचा मेल परत गेला आणि हितेनशेठ स्वतः उठून सर्व्हरच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हाच कुंदनला कळलं की आता हे टळत नाही. शेठ या खोलीत सहसा येत नसत. इथला गारवा आपल्याला सोसत नाही असं ते म्हणायचे. खरं म्हणजे या खोलीतून पैसा निघत नाही, नुसता जातो, हे त्यांना सोसत नसे. जागा संपत आली आहे हे कुंदन त्यांना दिवाळीपासून सांगत होता. नवी डिस्क घ्या, नाहीतर जुने मेल काढायला हो म्हणा. शेठनी दोन्हीला मान डोलावली होती आणि दोन्ही विसरले होते. आता दिल्लीवाल्यानं फोन करून विचारलं होतं की तुमचं ऑफिस चालू आहे की बंद पडलं, आणि ते शेठच्या जिव्हारी लागलं होतं. त्यांनी शांतपणे चौकशी केली, जे लोक सोडून गेले त्यांचे मेल अजून पडून आहेत का. कुंदन म्हणाला, आहेत. "जे गया ए गया, कुंदन," शेठ म्हणाले. "एमनुं राखीने शुं करवानुं?" गेलेल्यांचं ठेवून करायचंय काय. रिसेसच्या आधी सगळं साफ झालं पाहिजे असं सांगून ते खांदे चोळत निघून गेले. त्यांच्या मनात वावगं काही नव्हतं. दुसऱ्या मार्केटात पळालेले सेल्समन, मुंबईला गेलेले डिझाइनर, एवढेच त्यांच्या डोळ्यांसमोर असणार. पण त्या गेलेल्यांत धर्मेंद्रही होता. धर्मेंद्र हा कुंदनचा सख्खा मोठा भाऊ, तो वारला त्याला दोन वर्षं होऊन गेली होती, आणि त्यांचे वडील, आबा, त्याला अजून रोज मेल पाठवत होते.

ही गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगितली तर तो आबांना वेड्यात काढेल, म्हणून कुंदननं ती कोणालाच सांगितली नव्हती, बायकोला, सुषमालाही नाही. आबा वेडे नव्हते. या मेलची सुरुवात अगदी साध्या अडचणीतून झाली होती. कंपनी साड्यांच्या डिझाइनची. सुरतेत तुमची साडी बाजारात उतरायच्या आत तिचं डिझाइन शेजारच्या गाळ्यात छापून तयार असतं, म्हणून डिझाइनच्या मजल्यावर मोबाइलला बंदी. सकाळी गेटवर फोन जमा करायचा, वॉचमन तो लाकडी खणात ठेवणार, संध्याकाळी जाताना परत देणार. मेलचा सर्व्हर हितेनशेठच्या वडिलांनी, मोठ्या शेठनी, याच भीतीपोटी घरचा ठेवला होता, आपली डिझाइनं परक्या कंपनीच्या हातात नकोत म्हणून, आणि त्यामुळेच तो सांभाळायला कुंदनला नोकरी मिळाली, धर्मेंद्रच्या शब्दावर. घरी डिंडोलीला आबा. त्यांनी उभी हयात लिंबायतच्या लूमखात्यात काढली, आणि तिथल्या खडखडाटात त्यांचे कान कधी गेले ते त्यांनाही कळलं नाही. त्यांना फोन लावून उपयोगच नव्हता. लूमखात्यात माणसं आवाजाच्या वाटेला जात नाहीत, एकमेकांचे ओठ बघून बोलतात. आबांनाही ओठ वाचता येत, फक्त समोरच्याचं तोंड त्यांच्याकडे असायला हवं. धर्मेंद्रनं यावर तोड काढली. आबांच्या मोबाइलवर त्यानं स्वतःचा फोटो लावून दिला. फोटोवर बोट ठेवलं की लिहायची जागा उघडे, आणि लिहून खाली दाबलं की मेल थेट धर्मेंद्रच्या ऑफिसच्या पत्त्यावर. सातवी शिकलेले आबा एका बोटानं लिहीत. रिसेसमध्ये धर्मेंद्र जेवणाच्या आधी मेल उघडायचा आणि हसत हसत कुंदनला वाचून दाखवायचा. गॅस संपला, पाणी आलं नाही, गल्लीतल्या शालिग्रामला मुलगी झाली, कुंदनला म्हणावं भाजी टाकू नको. मग एका ओळीत काहीतरी उत्तर टाकून द्यायचा. तो सगळंच असं सहज करायचा. कुंदनला सहज असं काही करता आलं नाही कधी.

मग गावी चुलतभावाचं लग्न निघालं. धर्मेंद्र मोटरसायकलवर निघाला आणि विसरवाडीच्या पुढे ट्रकखाली सापडला. दोघं जाणार होते. सर्व्हरचं काम निघालं आणि कुंदनची रजा रद्द झाली. सोनाली वहिनी लहानग्या मयुरीला घेऊन माहेरी पारोळ्याला गेली ती तिकडचीच झाली. आबा चारचौघांत रडले नाहीत. दहावं-बारावं आटोपून माणसं पांगली आणि घरात बोलणं असं उरलंच नाही. कुंदन टीव्हीकडे तोंड करून जेवायला लागला. त्यानं काही ठरवून केलं नाही ते. पण आबांशी बोलायचं म्हणजे त्यांच्याकडे तोंड करायचं आणि त्यांच्या डोळ्यांत बघायचं, आणि ते काही केल्या त्याच्यानं होईना. आबांच्या डोळ्यांत त्याला एकच प्रश्न दिसे, की दोघांतला हाच कसा राहिला. आबांनी तो कधी विचारला नाही. विचारला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. सुषमा आबांना जेवायला बोलवी, गोळ्या देई, काय हवं-नको ते बघे; घर चालू होतं. बापलेक एकाच घरात दोन पाहुण्यांसारखे राहत होते आणि दोघांनाही ते अंगवळणी पडलं होतं.

सुतक फिटल्यावर कुंदन कामावर आला त्या दिवशी, रिसेसच्या सुमाराला, सर्व्हरच्या नोंदीत एक ओळ वर सरकली. पाठवणारे आबा, घेणारा धर्मेंद्र. कुंदनला आधी वाटलं की जुनाच एखादा अडकलेला मेल आता सुटला असेल. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा तीच ओळ. त्यानं तेव्हाच तो मेलबॉक्स बंद करायला हवा होता, नियम तसाच होता. त्यानं तो बंद केला नाही आणि उघडलाही नाही. उघडायला काही अडचण नव्हती. सगळ्या मेलबॉक्सच्या किल्ल्या त्याच्याकडेच होत्या. पण दुसऱ्याचा मेल वाचायचा नाही, एवढा एकच धर्म त्याच्या कामाला होता आणि तो त्यानं पाळला. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण असं की त्याला झोंबलं होतं. मेलेल्या मुलासाठी आबांकडे रोज शब्द होते, आणि ते शब्द येऊन पडत त्याच मशीनशेजारी बसलेल्या जिवंत मुलासाठी एकही नव्हता. मग नाही तर नाही. त्यांचं ते दोघांचं, आपण कशाला मध्ये नाक खुपसा. रोज रिसेसला तो मान खाली घालून जेवायचा आणि ती ओळ दिसू नये म्हणून कॉम्प्युटरचा पडदा बंद करायचा. आणि जेवण झालं की पहिलं काम म्हणजे पडदा उघडून ती आली का ते बघायचा. एकदा आबांना ताप होता, त्या दिवशी ओळ आली नाही, तर दुपारभर त्याचं कामात लक्ष लागलं नाही. इतका हेवा आपल्याला भाऊ जिवंत असताना वाटला नव्हता, असं त्याच्या मनात यायचं आणि त्याला स्वतःची किळस यायची.

आता शेठ गेल्यावर त्यानं स्क्रिप्ट लिहायला घेतली. त्यात काही मोठी विद्या नसते. गेलेल्या माणसांची नावं घे, एकेकाच्या मेलबॉक्समध्ये शिर, आतलं सगळं पुसून टाक, पुढच्या नावाकडे जा. एवढंच मशीनच्या भाषेत सांगायचं. आधी मात्र ती पुसू न देता नुसती चालवून बघायची, म्हणजे ती काय काय पुसेल ते ती पडद्यावर सांगते. शहाणी माणसं तसंच करतात आणि कुंदन कामात शहाणा होता. धर्मेंद्रच्या नावापाशी त्यानं एक अट घातली. याचं सगळं पूस, फक्त आबांकडून आलेलं राहू दे. अट लिहिताना त्याला बरं वाटलं. डिझाइनच्या फाइलींनीच तर जागा खाल्ली होती, आबांच्या मेलचं वजन ते काय असणार. मग त्यानं ती नुसती चालवून बघितली. पडद्यावर ओळी धावायला लागल्या, आणि धर्मेंद्रचं नाव आलं तसे राहू द्यायचे मेल खाली खाली उतरायला लागले. आबा, आबा, आबा. विषयाची जागा कोरी. आबांना विषय लिहायचा असतो हे धर्मेंद्रनं शिकवलं नव्हतं. पडदा भरून वर गेला, पुन्हा भरला, पुन्हा वर गेला, आणि तरी नाव थांबेना. कुंदन बघत राहिला. रोज एक म्हणजे किती होतील हे त्याला कळत नव्हतं असं नाही, पण असे एकाखाली एक त्यानं कधी पाहिले नव्हते. या माणसाला इतकं बोलायचं होतं. रोज सकाळी हा माणूस मोरीपाशी आपल्याला आडवा येतो, टॉवेल सावरत बाजूला होतो, आणि खाली बघून निघून जातो. आजही तसाच गेला होता. आणि दुपारी इथे येऊन त्याच्यापाशी मन मोकळं करतो, जो नाही त्याच्यापाशी. कुंदननं पाण्याची बाटली तोंडाला लावली, पाणी गारढोण होतं, दातांत कळ गेली.

त्यानं अट काढून टाकली. रागाच्या भरात काढली म्हणावं तर राग काही दिसण्यासारखा नव्हता. उलट त्याला सुचायला लागलं की हेच बरोबर आहे. न वाचलेलं असं कुठवर साठवायचं. आबा मेलेल्या माणसाच्या दाराशी रोज जाऊन बसतात आणि आपण ते दार उघडं ठेवून त्यांना बसू देतो, ही दया नव्हे. आणि पुसलं तरी त्यांना कुठे कळणार आहे? मेलबॉक्स तो ठेवणारच होता. रिकामा, पण जागेवर. म्हणजे आबांचा मेल परत जाणार नाही, नुसता आत पडेल. हा आपला चांगुलपणा, असंही त्याला क्षणभर वाटलं. जे माझं नाही ते मी का सांभाळू, हे मात्र त्यानं मनाशीसुद्धा पुरतं उच्चारलं नाही. त्यानं स्क्रिप्ट या वेळी खरीखुरी चालवली. चहावाल्यानं आणून ठेवलेला चहा पिऊन होईपर्यंत काम झालं होतं. गेलेल्यांच्या मेलचा बॅकअप त्यानं जागेपायी केव्हाच थांबवला होता, म्हणजे आता ते कुठेच नव्हते. डिस्क अर्ध्याहून जास्त मोकळी झाली. त्यानं शेठना सांगितलं, शेठनी दिल्लीला फोन लावला, आणि दिल्लीवाल्याच्या अडून राहिलेल्या फाइली धो धो यायला लागल्या. पुसलेली जागा लगेच भरत चालली. कुंदनला हलकं वाटायला हवं होतं. त्याला नुसतं रिकामं वाटलं, जेवायची वेळ टळल्यावर वाटतं तसं.

रिसेसला ती ओळ आली. पाठवणारे आबा, घेणारा धर्मेंद्र. आली ती आली, पण तिच्या पाठोपाठ दुसरी ओळ उमटली, आणि ती उलटी होती. पाठवणारा धर्मेंद्र, घेणारे आबा. कुंदनच्या हातातला घास तसाच राहिला. अंगावर काटा आला हे कबूल करायला त्याला नंतर लाज वाटली, कारण पुढच्याच क्षणाला त्याला काय झालं ते कळलं होतं. गावी निघताना धर्मेंद्रनं सुट्टीचं उत्तर लावून ठेवलं होतं. कोणी मेल केला की मशीन आपणहून सांगणार, हा माणूस रजेवर आहे. सगळेच लावतात. एका माणसाला ते एकदाच जातं, आणि कोणाला गेलं याची नोंद त्याच मेलबॉक्सच्या कोपऱ्यात मशीन ठेवतं. परत येऊन ते काढून टाकायला धर्मेंद्र आलाच नाही. आबांना ते त्या वेळी एकदा गेलं असणार, आणि पुढे मशीन गप्प राहिलं. आज कुंदननं आतलं सगळं पुसलं, त्यात ती नोंदही पुसली गेली; उत्तर मात्र मेलबॉक्सबाहेर, सेटिंगमध्ये होतं, ते राहिलं. मशीनच्या लेखी आबा आता पहिल्यांदाच मेल करत होते. चूक शिकाऊ पोरानं करावी तशी होती, आणि ती त्याच्या हातून झाली, कारण त्याला लवकर उरकायचं होतं. काय लिहिलं होतं भावानं, ते त्यानं शोधून बघितलं. व्यापाऱ्यांसाठी गुजरातीतून, धर्मेंद्रच्या पद्धतीनं, दोनच वाक्यं. हुं रजा पर छुं. सोमवारे आवीश. रजेवर आहे, सोमवारी येईन. खाली नाव. आबांना गुजराती वाचता येत होतं, सुरतेत राहून कोणाला येत नाही.

दुपार कशी गेली ते त्याला सांगता आलं नसतं. मेलेल्या पोराचं उत्तर हातात धरून आबा घरात एकटे बसले असतील. सुषमा शिवणाच्या क्लासला गेलेली. त्यांना चक्कर आली तर, छातीत काही झालं तर. गेटवर जाऊन फोन घेता आला असता, पण बहिऱ्या माणसाला फोन करून काय सांगणार, आणि लिहायचं तर काय लिहायचं. घाबरू नका, तो भाऊ नव्हता, मशीन होतं, असं? संध्याकाळी तो डिंडोलीच्या रिक्षात इतरांच्या गुडघ्यांत गुडघे घालून बसला आणि त्याला पहिल्यांदा स्पष्ट कळलं की आबांना काही झालं तर त्याला सहन होणार नाही. हे इतकं साधं होतं आणि ते त्यानं आबांना कधी सांगितलं नव्हतं.

आबा ओट्यावर उभे होते. दाढी केली होती, शनिवारी ते कधी करत नसत. कुंदनला बघून ते पुढे आले, आणि त्याच्या दंडाला धरून त्याला आत घेऊन गेले, गल्लीतली माणसं बघत होती तरी. खाटेवर बसवलं, समोर स्टूल ओढून स्वतः बसले, आणि मोबाइल त्याच्यापुढे धरला. तीच दोन वाक्यं, खाली धर्मेंद्र. कुंदन मनातल्या मनात सांगायचं जुळवत होता. आबांचा चेहरा त्यानं वर बघून बघितला, किती दिवसांनी इतक्या जवळून, आणि तो चेहरा विस्कटलेला नव्हता. आबा हसत होते.

"उनं तुनं उत्तर," आबा म्हणाले. बहिऱ्या माणसाचा मोठा, वरखाली न होणारा आवाज.

कुंदननं ओठांनी विचारलं, माझं?

"मंग कोनं? धर्मा काय वरतून लिखी का?"

आणि मग आबा बोलायला लागले. दोन वर्षांत घरात इतकं बोलणं झालं नसेल. त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं, त्यात काही गुंता नव्हता. लूमवरून उतरलेला कापडाचा प्रत्येक ताका चेकिंगच्या टेबलावरून जातो, चेकरच्या नजरेखालून गेल्याशिवाय वीतभरसुद्धा कापड बाहेर पडत नाही. आबांनी जन्मभर तेच बघितलं होतं. ऑफिसातला मेलही तसाच जाणार, आणि तिथला चेकर कोण, तर कुंदन. मेल कोणाच्या का नावानं असेना, तो कुंदनच्या डोळ्यांखालून जाणार. मेलेला पोरगा मेल वाचत नाही हे काय त्यांना कळत नव्हतं? त्याला अग्नी त्यांनीच दिला होता. त्यांना एकच फोटो दाबता येत होता आणि तो दाबून ते लिहीत होते, कुंदनला.

"तुना फोटो कोठे शे मोबाइलम्हा?" आबा म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. "तू कव्हय लाई दिधा नही. आनि घरमा तोंड दखाडस नही, मंग कसं बोलू? म्हनीसन लिखं."

कुंदननं मोबाइल हातात घेतला, कारण हात कुठे ठेवावे ते त्याला कळेना. पाठवलेले मेल असतात तिथे त्याचं बोट आपोआप गेलं. तिथे काहीच नव्हतं. आबांनी ते बघितलं आणि समजावून सांगितलं की फोन भरून जातो, म्हणून पाठवलं की ते लगेच पुसून टाकतात, शालिग्रामच्या थोरल्या पोरीनं दाखवलंय कसं पुसायचं ते. "तुनाकडे शे ना बठ्ठं," ते म्हणाले. सगळं कुंदनकडे आहे या भरवशावर ते पुढेही सांगत राहिले. चष्म्याचा नंबर वाढला असं लिहिलं, तर तू चष्मा करून आणलास. मोरीचा नळ गळतो लिहिलं, दुसऱ्या दिवशी प्लंबर दारात. त्या चष्म्याचं सुषमानं सुचवलं होतं आणि प्लंबरही तिनंच बोलावला होता, कुंदनला तो आल्याचं संध्याकाळी कळलं. पण आबांनी एकेक जुळवून ठेवलं होतं. तू उत्तर देत नाहीस, पण करतोस, असं त्यांनी धरलं होतं. राग असेल तुझा, असू दे, असं धरलं होतं.

"माले काय उत्तर नको व्हतं," आबा म्हणाले. "तू वाचस, इतलंच पुरे व्हतं."

आताच सांगायचं, असं कुंदनच्या मनात आलं. ओठ हलवायचे आणि सांगायचं, मी वाचलं नाही. एकही नाही. आणि आज सकाळी सगळं पुसून टाकलं. त्याचं तोंड आबांच्या समोरच होतं, आबांचे डोळे त्याच्या ओठांवर होते, दोन वर्षांत पहिल्यांदा. त्यानं तोंड उघडलं आणि त्याच्या ओठांतून आलं ते हो. वाचतो. आबांनी मान डोलावली. "सोमवारे जाऊत मंग," ते म्हणाले. "जसं लिखं तसं." आणि ते उठून पिशवी शोधायला गेले.

रविवारी ऑफिस बंद असताना कुंदन वॉचमनला काहीतरी सांगून वर गेला. पुसलेलं परत काढायचे जे दोन-चार उपाय त्याला माहीत होते ते त्यानं केले. पुसलेल्या जागेवर दिल्लीच्या फाइली येऊन बसल्या होत्या, फुलं, वेली, कोयऱ्या, लाल काठ, निळा काठ. आबांच्या एका अक्षराचाही पत्ता लागला नाही. धर्मेंद्रच्या मेलबॉक्समध्ये एकच मेल होता, शनिवारी रिसेसला आलेला, पुसल्यानंतरचा. तो त्यानं उघडला. हात धुऊन यावं असं त्याला उगीचच वाटलं. तठे कव्हय जावानं, आबांनी लिहिलं होतं. आज परत इचारस. तुले रजा भेटी का. मी सांगं ते पटस का नही तेबी सांग. एवढंच. तिथे कधी जायचं, असं विचारलं होतं; तिथे म्हणजे कुठे, ते आधीच्या मेलमध्ये असणार. पटण्यासारखं काय सांगितलं होतं, तेही. कुंदन त्या चार ओळी पुन्हा पुन्हा वाचत बसला. विसरवाडीच्या पुढच्या त्या वळणावर जायचं असेल का? पारोळ्याला, वहिनीला आणि मयुरीला आणायला? गावचं शेत बघायला, कानाच्या डॉक्टरकडे, कुठल्या देवाला? कुठलंही खरं असू शकत होतं. दुसरा कुठला मुलगा असता तर त्याला अंदाज तरी करता आला असता. आपला बाप काय मागेल याची आपल्याला कल्पनाही करता येत नाही, हे त्याला त्या गार खोलीत कळलं आणि तो रडला, मशीनच्या घरघरीत, कोणाला ऐकू जायचा प्रश्नच नव्हता.

घरी संध्याकाळी आबा त्याच्या समोर ताट घेऊन बसले. कुंदननं टीव्ही लावला नाही. आबांनी दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली, हे बघून सुषमा त्याच्याकडे बघून हसली. स्वयंपाकघरात तिनं हळूच विचारलं की दोघं कुठे जाताय. आबांना विचारलं तर ते म्हणतात कुंदनले बठ्ठं माहीत शे. कुंदन म्हणाला, आहे एक काम. रात्रीची गोळी द्यायला तो स्वतः आबांकडे गेला, त्यांच्यासमोर बसला, आणि विचारायचं ठरवून बसला. कुठे जायचंय, एवढे दोन शब्द. आबांनी गोळी घेतली आणि त्याचं मनगट धरून ठेवलं, सोडलंच नाही किती वेळ. त्या हातात लूमच्या तेलाचा वास आता नव्हता, साबणाचा होता. विचारलं तर हा हात सुटणार होता. आणि तो पुन्हा कधी असा धरला जाणार नव्हता, हेही त्याला पक्कं माहीत होतं. त्यानं विचारलं नाही.

सोमवारी सकाळी आबा त्याच्या आधी तयार होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी, पायांत धर्मेंद्रचे बूट, ते त्यांना थोडे मोठे होत होते. हातात कापडी पिशवी, तोंड गाठ मारून बांधलेली. आत काय आहे ते कुंदनला माहीत असणार असं धरून त्यांनी ती त्याच्यापासून लपवली नाही आणि दाखवलीही नाही. सुषमानं दोघांचे डबे दिले. कुंदननं शेठना रजेचा निरोप धाडला होता. गल्लीच्या तोंडाशी त्यानं रिक्षा थांबवली. स्टेशनला न्यायची, बस डेपोला, कडोदऱ्याच्या चौकात हायवेला, की इथेच जवळ कुठे, काही कळायला मार्ग नव्हता. आबा काहीतरी बोलतील, बोटानं दाखवतील, यावर तो विसंबून होता. आबा रिक्षात चढले, पिशवी मांडीवर घेतली, आणि समोर रस्त्याकडे बघत बसले. त्यांच्याकडून सांगायचं सगळं सांगून झालं होतं, पुन्हा पुन्हा, एका बोटानं. आता नेणारा कुंदन होता.

"क्यां जवानुं, भाई?" रिक्षावाल्यानं विचारलं.

कुंदननं आबांकडे बघितलं. आबांना ऐकू गेलं नव्हतं. कुठे जायचं, रिक्षावाल्यानं मान वळवून पुन्हा विचारलं, मागे एक टेम्पो हॉर्न वाजवायला लागला. कुंदन एक पाय रिक्षात आणि एक रस्त्यावर असा उभा होता. त्याला अजून वर चढता आलं नाही असं वाटून आबा पलीकडे सरकले आणि त्यांनी त्याच्यासाठी जागा केली.